डायलिसिसची सकाळची बॅच

डायलिसिसवर किस्से फार साठतात. कारण सोपं आहे. हातात दोन सुया, सुयांना नळ्या, नळ्यांना मशीन, आणि चार तास तो हात हलवायचा नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार. वर्षानुवर्षं! एवढ्या वेळात माणसाचं मोकळं राहतं ते फक्त तोंड. काही बॅचेसमध्ये लोक झोपतात, काही मोबाईल बघतात. आमच्या बॅचला झोप कमी आणि हॉस्पिटलात रेंज त्याहून कमी. मग काय, बोला!

आता घरी कोणी आलं की विचारतं, "कसं काय, नागवेकर?" मी म्हणतो, "तब्येतीचं सांगू की बॅचचं?" लोक शहाणे असतात. "बॅचचं सांगा" म्हणतात.

तर मी नागवेकर. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत मासळी गोठवण्याच्या एका कारखान्यात फिटर होतो. पंप, व्हॉल्व्ह, फिल्टर, कंडेन्सर ह्यांच्यातच आयुष्य गेलं. कारखान्यातलं प्रत्येक प्रेशर मी वेळेवर बघितलं, फक्त स्वतःचं ब्लडप्रेशर बघितलं नाही. शेवटी दोन्ही किडन्यांनी काम थांबवलं. रत्नागिरीतल्या एका छोट्या हॉस्पिटलात पाच मशीनचं डायलिसिस युनिट आहे. तिथे मला सकाळची बॅच मिळाली. खाट नंबर तीन.

* * *

पहिल्या दिवशी माझी पार गाळण उडाली होती. बायको बाहेर बाकड्यावर, मी आत खाटेवर, आणि समोर कपाटाएवढं मशीन. टेक्निशियन होती प्रणाली. तिशीतली, बारीक चणीची मुलगी. आवाज असा की समोरच्याने निमूट ऐकावं. तिने मशीनच्या बाजूला एक पारदर्शक नळकांडं लावलं. दीड वीत लांब, मुठीत मावेल एवढं जाड.

"हे काय?" मी विचारलं.

"डायलायझर. फिल्टर म्हणा. तुमचं रक्त ह्यात साफ होणार."

मला हसूच आलं. आमच्या कारखान्यात समुद्राचं पाणी गाळायचे फिल्टर पाण्याच्या टाकीएवढे. मी म्हटलं, "एवढासा? अख्ख्या माणसाचं रक्त ह्याच्यात साफ होणार?"

प्रणालीने मान वरसुद्धा केली नाही. "काका, किडनी तरी केवढी असते?"

मी आपली मूठ वळून बघितली.

मग तिने एक जुना, टाकून दिलेला डायलायझर आणून दाखवला. आडवा कापलेला. आत केसांचा जुडगा असावा तशा पांढऱ्या बारीक नळ्या. प्रत्येक नळी आतून पोकळ. अशा दहा-बारा हजार! रक्त त्या नळ्यांच्या आतून जातं, आणि औषधी क्षार मिसळलेलं पाणी बाहेरून. नळ्यांच्या भिंतींना डोळ्यांना न दिसणारी भोकं. रक्तातली घाण त्या भोकांतून पाण्यात उतरते आणि पाण्याबरोबर निघून जाते.

"आणि रक्त वरून खाली सोडतो," ती म्हणाली, "पाणी खालून वर."

हे ऐकल्यावर मी उठूनच बसलो. "उलट्या दिशेने! म्हणजे रक्ताला शेवटपर्यंत ताजं पाणी भेटत राहतं. आमच्या कंडेन्सरमध्ये अगदी हेच!"

"वा काका! तुम्ही तर अर्धे टेक्निशियन झालात."

"आणि उरलेला अर्धा?"

"पेशंट. झोपा आता, सुई लावायचीय!"

भीती कुठे गेली ते कळलंच नाही. चार तास मी त्या नळकांड्याकडे बघत होतो. आयुष्यभर फिल्टर बसवले, पण असला फिल्टर बघितला नव्हता.

* * *

दोन नंबरच्या खाटेवर जनाकाकी. खाडीपलीकडच्या काळबादेवी गावच्या. माहेर हर्णैचं, म्हणजे दोन्हीकडून मासळीच. साठी ओलांडलेली, पण मासळीच्या टोपल्या वाहिलेली मान अजून ताठ. मी नळकांड्यावर एवढा खूश झालेला बघून एकदा त्यांनीही प्रणालीला विचारलं, "गो बाय, घाण भोकातना जाते, तर रक्त कसा नाय जात?"

प्रणालीने सांगितलं, "काकी, भोकं अगदी बारीक आहेत. युरिया, पोटॅशियम हे कण लहान, ते सुटतात. रक्तातल्या पेशी मोठ्या, त्या आतच राहतात."

काकींचा चेहरा उजळला. "म्हंजे ह्या जाळा झाला! बारका सुटला, मोठा ऱ्हायला."

"तसंच!"

काकींनी जरा विचार केला. "पन आमच्या जाळ्यातना बारकी सुटतात ती जगतात. तुज्या जाळ्यातना सुटतात ती गटारात!"

सगळी बॅच हसली. पण काकींचं समाधान झालं नव्हतं. जाळं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "आनि फाटला तर?"

प्रणालीने मशीनवरची एक खिडकी दाखवली. फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी तिथून जातं. त्यात रक्ताचा नुसता अंश आला तरी मशीनला कळतं, आणि ते काम थांबवून ओरडायला लागतं.

"बेस हाय," काकी म्हणाल्या. "आमच्यात जाळा फाटला तर नवरा ओरडतो. थांबत मातर नाय!"

* * *

एक नंबरला सुर्वे गुरुजी. हायस्कूलात गणित शिकवून रिटायर झालेले. गंमत म्हणजे प्रणाली त्यांचीच विद्यार्थिनी. नववीत गणितात तिला त्यांनी नापास केलं होतं! पहिल्याच दिवशी दोघांनी एकमेकांना ओळखलं. गुरुजी मला हळूच म्हणाले, "नागवेकर, सुई हिच्या हातात आहे. मी दोन मार्क वाढवून द्यायला हवे होते."

आमच्या लोकांना लघवी जवळजवळ होत नाही. म्हणजे प्यालेलं पाणी अंगातच राहतं. म्हणून आल्याआल्या वजनकाट्यावर उभं राहायचं. गेल्या वेळेपेक्षा जेवढं वाढलं, तेवढं पाणी. तेवढं मशीनने ओढून काढायचं. फिल्टर घाण काढतो तसं दाबावर पाणीही काढतो, पण त्याला मर्यादा आहे. फार ओढलं तर पायात गोळे येतात, प्रेशर धाडकन खाली येतं.

एका सोमवारी गुरुजी काट्यावर चढले आणि काटा साडेतीन किलो पुढे गेला. गुरुजींचा चेहरा नापास झालेल्या पोरासारखा.

"गुरुजी, पाणी किती प्यालात?"

"मोजून. बाटलीवर खुणा केल्यात मी."

"मग हे काय?"

"काट्यात दोष असेल."

प्रणाली स्वतः काट्यावर उभी राहिली. काटा ठीक होता. मग शांतपणे चौकशी सुरू झाली. सकाळी काय, दुपारी काय, रविवारी काय. रविवारी पुतण्याकडे जेवण होतं. मासे होते. आणि... सोलकढी होती.

"किती वाट्या?"

"तीन-चार." मग घाईघाईने, "पण सोलकढी म्हणजे काही पाणी नव्हे!"

"नाहीतर काय, दगड?"

बॅचमध्ये हशा. प्रणाली हसली नाही. वही काढून म्हणाली, "गुरुजी, साडेतीन लिटर भागिले चार तास?"

गुरुजी क्षणात, "ताशी आठशे पंचाहत्तर मिलिलिटर."

"तुमच्या हृदयाला एवढं झेपत नाही, मागच्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलंय. मग?"

गुरुजींनी मान खाली घातली. "वेळ वाढवावा लागेल. पाच तास केले तर सातशे."

त्या दिवशी गुरुजी पाच तास झोपून राहिले. प्रणाली जेवायला गेली नाही. दर पंधरा मिनिटांनी येऊन त्यांचं प्रेशर बघत होती. निघताना गुरुजींनी विचारलं, "मग, माझं गणित कसं होतं?"

"गणितात पैकीच्या पैकी," ती म्हणाली. "वर्तणुकीत शून्य!"

* * *

पाण्याचाच आणखी एक. डायलिसिसच्या पेशंटला दिवसाला लिटरभर पाणी प्यायलाही बंदी, पण चार तासांत त्याच्या रक्ताशेजारून शंभराच्या वर लिटर पाणी वाहतं. हे पाणी साधं चालत नाही. मागच्या खोलीत त्याचा वेगळा प्लांट आहे. प्रणाली रोज सगळ्यांच्या आधी येऊन ते पाणी तपासते.

पावसाळ्यातली गोष्ट. आम्ही पाचही जण वजनं करून तयार. आणि प्रणाली बाहेर येऊन म्हणाली, "आज मशीन सुरू करत नाही. पाण्यात क्लोरीन येतंय. कार्बनचा फिल्टर संपलाय."

पावसात नळाच्या पाण्यात क्लोरीन जास्त पडतं. कार्बनने ते अडवायचं असतं, नाहीतर ते डायलायझरच्या भोकांतून थेट रक्तात शिरतं आणि पेशी फोडतं. त्या दिवशी तपासणीच्या नळीत औषधाचा थेंब टाकल्यावर पाणी गुलाबी झालं होतं. अगदी फिकट, पण गुलाबी.

जनाकाकींना त्या दिवशी धाप लागलेली. बसल्याबसल्या श्वास ओढत होत्या. मी स्वतः पाय सुजवून आलेलो. आणि गुरुजींना सोडायला आला होता त्यांचा पुतण्या. गावचा पुढारी. पांढरे कपडे, हातात दोन फोन.

"अहो, जरासं क्लोरीन!" तो ओरडला. "सगळी रत्नागिरी तेच पाणी पिते! पेशंटला काही झालं तर जबाबदार कोण?"

"मशीन लावलं आणि काही झालं, तर मी," प्रणाली म्हणाली. "म्हणूनच लावत नाही."

तिने काकींना ऑक्सिजन लावला. डॉक्टरांना फोन केला. गरज पडली तर काकींना दुसरीकडे हलवायला अँब्युलन्स दारात आणून उभी केली. कार्बनचा नवा फिल्टर स्टोअरमध्ये होता, पण बसवणारा माणूस पावसात कुठेतरी अडकलेला. मी म्हटलं, "पाना द्या." सुजलेल्या पायांनी खाली बसलो आणि जॉइंट सोडवला. प्रणाली टॉर्च धरून उभी. नवा फिल्टर बसला. मग तो धुवायचा, पुन्हा पाणी तपासायचं. गुलाबी. पुन्हा धुवायचं. फिकट. पुन्हा धुवायचं.

पुतण्याचा धीर सुटला. रागारागाने बाहेरच्या नळाचं ग्लासभर पाणी आणलं आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्यायला. "हे बघा! प्यायलो! झालं काही मला?"

प्रणाली तपासणीच्या नळीकडे बघत म्हणाली, "तुम्हाला किडन्या आहेत, साहेब."

पुतण्या खुर्चीवर बसला. अर्ध्या तासाने पाणी स्वच्छ आलं. पहिलं मशीन काकींचं लागलं. अँब्युलन्स रिकामी परत गेली.

* * *

हा छोटा आहे, माझाच. डायलिसिससाठी हातातली एक शीर आणि एक धमनी ऑपरेशनने जोडतात. फिस्टुला म्हणतात. त्यामुळे शीर फुगते, सुया नीट लागतात. त्यावर बोट ठेवलं की मोटार चालू असल्यासारखी थरथर लागते. कान लावला तर आवाजही येतो.

मी रोज सकाळी दात घासायच्या आधी हात कानाला लावतो. कारखान्यात बेअरिंगला स्क्रू ड्रायव्हर लावून कान लावायचो, तसंच. एका बुधवारी मी प्रणालीला म्हटलं, "आवाज बदललाय. घरघर होती, आता शिट्टी येतेय. कुठेतरी लाइन चोंदतेय."

दुसरं कोणी असतं तर हसलं असतं. तिने स्टेथोस्कोप लावला, दोनदा ऐकलं, आणि डॉक्टरांना बोलावलं. मला कोल्हापूरला पाठवलं. शीर एका जागी अरुंद झाली होती. आत बारीक फुगा घालून, तो फुगवून मोकळी केली. आणखी आठवडा गेला असता तर फिस्टुला बंदच पडला असता.

परत आल्यावर कोल्हापूरच्या डॉक्टरांनी फोनवर प्रणालीला विचारलं, "एवढ्या लवकर निदान कोणी केलं?"

"पेशंटनेच," ती म्हणाली. "ते स्वतःला पंप समजतात!"

* * *

आमच्याकडे प्रत्येकाचा फिल्टर वेगळा असतो. एकाच पेशंटसाठी तो काही वेळा धुऊन, निर्जंतुक करून पुन्हा वापरतात. म्हणून त्याला दोऱ्याने नावाची चिठ्ठी बांधलेली. लावण्याआधी टेक्निशियन वाचणार, सिस्टर वाचणार, आणि शेवटी पेशंटने स्वतः वाचून "माझाच" म्हणायचं. एकाचा फिल्टर दुसऱ्याला लागला तर फार वाईट होऊ शकतं.

आता जनाकाकींना वाचता येत नव्हतं. शाळेचं तोंड बघितलं नव्हतं. दर वेळी त्या चिठ्ठीकडे बघून "माजाच" म्हणायच्या. एक दिवस गुरुजींनी पकडलं. "काकी, तुम्ही चिठ्ठी उलटी धरलीय."

काकी लाजल्या. मग चिडल्या. "मना काय कलतां त्यातला? ती पोर चुकायची नाय."

"पोर चुकायची नाही. पण पोर रजेवर जाईल, तेव्हा?"

आणि शाळा सुरू झाली! एक नंबरच्या खाटेवरून दोन नंबरच्या खाटेवर. दोघांचे हात सुयांत अडकलेले. गुरुजी मोकळ्या हाताने हवेत अक्षर काढायचे, काकी मोकळ्या हाताने हवेत गिरवायच्या. जाळ्यातला 'ज'. मग काना. मग 'न'. मध्ये मशीन ओरडलं की तास थांबायचा. पावसाळा संपला आणि काकींनी स्वतःचं नाव सिस्टरच्या वहीत लिहिलं. ज-ना-बा-ई. ओळ वर चढत गेली होती, पण अक्षरं चार, आणि चारही बरोबर.

पुढे मार्चमध्ये प्रणाली खरंच रजेवर गेली. भावाचं लग्न होतं. बदलीवर दुसऱ्या हॉस्पिटलातले एक टेक्निशियन आले. सज्जन माणूस, पण नवीन जागा, पाच पेशंट, सिस्टर एकटी. ते काकींसमोर फिल्टर धरून म्हणाले, "हा तुमचाच ना, आजी?"

काकींनी चिठ्ठी हातात घेतली. सरळ धरली. बोट ठेवून वाचायला लागल्या. "ज... ना..." आणि थांबल्या.

"होय ना?"

"थांबा वो." बोट पुन्हा पहिल्यापासून. "ज... ना..." आणि एकदम ओरडल्या, "ह्यो माजा नाय! पयली दोन अक्षरा माजी हायत, म्होरची दुसऱ्याची!"

चिठ्ठीवर होतं 'जनार्दन'. दुपारच्या बॅचचे. टेक्निशियनच्या कपाळावर घाम. सिस्टरने धावत येऊन फिल्टर काढून नेला.

गुरुजींनी चष्मा काढला. मग मला म्हणाले, "नागवेकर, हजारो पोरं शिकवली. पण एका विद्यार्थिनीने शंभरापैकी शंभर मिळवलेले आज पहिल्यांदा बघितले."

"कुठल्या विषयात?" मी विचारलं.

"जगण्याच्या," ते म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले.

* * *

काकींचाच दुसरा. जुलैत असा पाऊस लागला की खाडीकडचा रस्ता पाण्याखाली गेला आणि पलीकडच्या घाटीत दरड आली. काकींचा बुधवार चुकला. शुक्रवारही चुकला. आमच्या लोकांचं एक चुकलं तर छातीत पाणी भरायला लागतं. दोन चुकले म्हणजे... दोन नंबरची खाट रिकामी, आणि प्रणाली दर थोड्या वेळाने फोन लावायची. लागत नव्हता.

रविवारी सकाळी पाऊस जरा उघडला. काकींच्या दोन पुतण्यांनी होडी काढली आणि खाडीतून त्यांना अलीकडे आणलं. तिथून रिक्षा. सुट्टीचा दिवस, पण प्रणाली येऊन थांबली होती. मशीन तयार, डॉक्टर हजर. खाटेशेजारी ऑक्सिजन. नेमका मी पण तिथे होतो. घरी बसवेना म्हणून गेलो होतो.

काकी आल्या. चालत! नखशिखांत भिजलेल्या, दमलेल्या, पण चालत. कपडे बदलून काट्यावर चढल्या. सहा दिवस डायलिसिस नाही, प्रणालीने सात-आठ किलो धरून ठेवलं होतं.

काटा थांबला. अडीच किलो.

प्रणालीने काटा पुन्हा शून्यावर आणला. पुन्हा चढवलं. अडीचच.

"काकी, सहा दिवस काय केलंत?"

"काय करणार? घरात सुकट भाजत व्हते, वास घेतला नि पेज खाल्ली, मिठाबिगर. तान लागली की लवंग चावली."

"आणि पाणी?"

काकी खाटेवर आडव्या झाल्या, हात पुढे केला आणि म्हणाल्या, "गो बाय, म्होरं पानी, मागं पानी, डोक्यावर पानी, व्हडीत पानी. नुसती बघूनच माजी तान भागली!"

सुई लावताना प्रणालीचे डोळे भरून आलेले मी एकदाच बघितले, ते तेव्हा.

* * *

आता शेवटचा. चार आणि पाच नंबरच्या खाटा. दत्ताराम शितप आणि वसंत शितप. सख्खे चुलत भाऊ. दत्ताराम थोरला. दोघेही मुंबईला नोकऱ्या करून गावी परतलेले. किडनीत पाण्याच्या गाठी होण्याचा आजार ह्या घराण्यात आजोबांपासून. आणि आजोबांच्या काजूच्या बागेवरून दोघांची अकरा वर्षं कोर्टात केस. गुरुजी म्हणायचे, "आजोबांच्या जमिनीची वाटणी झाली नाही. आजाराची मात्र बरोबर झाली!"

वसंताने बॅच बदलून मागितली होती. जागा नव्हती. शेजारच्या खाटेवर झोपून दोघे एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत. पंखा कमी करायचा झाला तरी दत्ताराम मला सांगणार, "नागवेकर, त्यांना विचारा, पंखा कमी केला तर चालेल का?" मी विचारायचो. "त्यांना सांगा, चालेल." मी सांगायचो. मध्ये हात-दीड हाताचं अंतर!

मे महिन्यात, सकाळी अकराला वादळ आलं. झाडं पडली, लाइट गेली. जनरेटर दोनदा खोकला आणि बंद पडला. मशीनला स्वतःची बॅटरी असते, थोडा वेळ पंप चालतो. तेवढ्यात रक्त परत अंगात पाठवायचं. सिस्टरने गुरुजींचं आणि काकींचं सुरू केलं, माझंही होत आलं होतं. दत्तारामचं वेळेतच संपलेलं. तो सुया काढून, कापूस दाबून खाटेवर बसला होता.

आणि वसंताचं मशीन एकदम थांबलं. त्याची बॅटरी दगावली होती.

पाव लिटर रक्त बाहेर. नळ्यांत आणि फिल्टरमध्ये. थांबलं की गोठतं. गोठलं की गेलं. आणि वसंताच्या अंगात आधीच रक्त कमी. मागच्याच महिन्यात दोन बाटल्या चढवलेल्या.

प्रणाली धावली. तिने सलाईन जोडलं, नळी मशीनच्या चिमट्यातून मोकळी केली, मशीनच्या मागून एक छोटा हँडल काढून पंपात घातला. हा हँडल हाताने फिरवायचा. पण मशीन बंद असताना नळीत हवा आली तर ओळखणारं कोणी नसतं. कोणीतरी डोळे लावून बघावं लागतं, चिमटा हातात धरून. हवा आत गेली तर माणूस जातो. एकटीने दोन्ही होणार नव्हतं. सिस्टर दोघांत अडकलेली, नातेवाईक वादळात खाली पार्किंगला, माझ्या हातात सुया.

प्रणालीने वर बघितलं. "दत्तारामभाऊ! या इकडे!"

दत्ताराम उठला नाही. एक क्षण. दोन क्षण. मग कापसावर चिकटपट्टी दाबली, चप्पल न घालता आला, आणि उजव्या हाताने हँडल धरला.

"बाणाच्या दिशेने. सावकाश. एका लयीत."

तो फिरवायला लागला. पत्र्यावर पाऊस, खिडक्या धडधडतायत, आणि खोलीत फक्त त्या पंपाची टिकटिक. प्रणाली नळीवरच्या हवा अडवणाऱ्या कप्प्याला डोळे लावून. वसंत त्या फिरणाऱ्या हाताकडे बघतोय. नळी लाल होती. मग जरा फिकी. दत्तारामच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, पण तो पुसायला थांबला नाही. गुलाबी. आणखी फिकी. फिल्टरमधल्या हजारो नळ्या लालच्या पांढऱ्या होत गेल्या. शेवटी सलाईन दिसायला लागलं.

"बस!" प्रणालीने चिमटा लावला. "सगळं आत गेलं."

मीच म्हटलं, "दत्ताराम, शाबास तुमची!"

दत्तारामने हँडल खाली ठेवला. "आजोबांचं रक्त आहे ते, नागवेकर. फुकट का घालवायचं?"

वसंत छताकडे बघत होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा तो भावाशी थेट बोलला. म्हणाला, "मध्ये दोनदा घाई केलीस."

पुढच्या महिन्यात कोर्टाची तारीख होती. दोघे गावाहून एकाच रिक्षातून आले. दोन्ही वकील बघतच राहिले. एकाने पुढे होऊन विचारलं, "मग काय, मिटवताय का?"

"मिटवायचं कशाला?" दोघे म्हणाले. "केस चालू दे!"

वकिलांनी मान हलवली. पुकारा झाला, दोघे समोर उभे राहिले. साहेबांनी कागद चाळले आणि पुढची तारीख दिली. बुधवार.

दोघे एकदम बोलले. आवाजात आवाज मिसळला.

"बुधवार नको, साहेब. बुधवारी आमचं डायलिसिस असतं!"